सगळ्यांना सगळं ठाऊक, तरी हात कोरडेच: काय करावं?

धुऱ्यावरची सिस्टर

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

मी यवतमाळ जिल्ह्यात, तेलंगणाच्या अंगाला असलेल्या एका ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. ११ वर्षं झाली. दिवाळीनंतर आमच्या अधीक्षक सरांनी एक हिरवी फाईल हातात ठेवली अन् म्हणाले, "सिस्टर, आजपासून इन्फेक्शन कंट्रोल तुमच्याकडे." म्हणजे फाईल माझ्याकडे. वॉर्डाची ड्युटी तीच, नाईट त्याच, वरून हे.

आधी वाटलं, माहीत नसेल म्हणून होत नसेल. म्हणून मी एक पेपर काढला. १४ प्रश्न, झेरॉक्सचे पैसे माझे. नाव लिहायचं नाही असं ठरलं होतं, पण अक्षरावरून सगळ्या ओळखू येतात. पेपर तपासून मीच गार पडले, कारण उत्तरं बरोबर होती. हात कधी धुवायचे त्या पाचही वेळा लिहिलेल्या: पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवी-थुंकीशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि त्याच्या खाटेला-टेबलाला हात लागल्यावर. साबणाने ४० ते ६० सेकंद, हँडरबने (हातावर चोळायच्या अल्कोहोलच्या औषधाने) २० ते ३०, हेसुद्धा एकीने लिहिलं होतं. सुई पांढऱ्या डब्यात, सलाईनचा सेट लाल पिशवीत, बाळंतपणातली वार पिवळ्या पिशवीत, इंजेक्शनची काचेची अँप्यूल निळ्या खोक्यात. गडबड फक्त दोन ठिकाणी होती. हायपोक्लोराईट (जंतू मारायचं क्लोरीनचं औषध) "१ टक्का" असं सगळ्यांनी लिहिलं, पण एक लिटर करायला किती औषध नि किती पाणी, तिथे कागद कोरा. आणि "हातमोजे घातले तर हात धुवायची गरज नाही" या वाक्यापुढे बऱ्याच जणींनी बरोबरची खूण केली होती.

मग एका बाजाराच्या दिवशी दुपारी मी औषधाच्या कपाटाजवळ रजिस्टर भरत असल्यासारखी बसले आणि नुसती पाहत राहिले. इंजेक्शनचा राउंड सुरू झाला. पेशंट सात, हातमोज्यांची जोडी एक. पहिल्या खाटेपासून सातव्यापर्यंत तेच हातमोजे. मध्ये चौथ्या खाटेवर थोडं रक्त लागलं, तर त्या बेसिनपाशी गेल्या आणि हातमोज्यासकट हात छान साबण लावून धुतले. पाचव्या खाटेवर पुन्हा सुरू.

या आमच्या मोठ्या सिस्टर. दोन वर्षांनी रिटायर होतील. जुलाबाने सुकलेल्या लेकराची शीर डोळ्यांना दिसत नसताना बोटाने कशी शोधायची, हे मला त्यांनी शिकवलं. त्यांच्या हाताखाली मी पहिली डिलिव्हरी घेतली. कोलाम पोडावरच्या (आदिवासी वस्तीवरच्या) बाया दवाखान्यात आल्या की आधी त्यांनाच विचारतात. आता त्यांना मी जाऊन सांगू की तुम्ही हातमोजे चुकीचे वापरता?

आणि माझं तोंड तरी कुठे आहे. त्याच संध्याकाळी सामान आवरताना दिसलं, एनएसच्या (साध्या सलाईनच्या) बाटलीला सुई खुपसून ठेवलेली. व्हेनफ्लॉन (शिरेत ठेवलेली बारीक नळी) फ्लश करायला सकाळपासून सगळ्यांना त्याच बाटलीतून. कुणी ठेवली असेल? मीच. सकाळी आठ वाजता. स्पिरीटमध्ये भिजवलेल्या बोळ्यांचा स्टीलचा डबा, तोही मीच भरलेला. दिवसभर ज्याची त्याची बोटं त्यात. कापसाच्या जिल्ह्यात कोरडा बोळा ऐनवेळी भिजवून घ्यायला आम्हाला जड जातं! चिटल फोर्सेप (निर्जंतुक सामान उचलायचा चिमटा) अजून सॅव्हलॉनच्या बाटलीत उभा आहे. तो कोरडा अन् रोज ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) केलेला हवा, हे मला ट्रेनिंगमध्ये सांगून पाच वर्षं झाली.

एक जुनी गोष्ट सांगते, म्हणजे मी कोणाला नावं ठेवत नाही हे कळेल. चार वर्षांपूर्वी, ऐन पेरणीत, रात्री साप चावलेला माणूस आणला. सोबत ट्रॅक्टरभर लोक. लाईट गेलेली, जनरेटर घरघरून बंद पडलेला, कोणीतरी मोबाईलचा टॉर्च धरलेला. मी इंजेक्शन दिलं आणि सुईला टोपण लावायला गेले. टोपण लावायचं नसतं, हे मला झोपेतही माहीत आहे. पण हब कटर (वापरलेली सुई कापायचं यंत्र) वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, टेबलाला साखळीने बांधलेला, कारण आधीचा हरवला होता. हातात उघडी सुई, भोवती वीस माणसं. टोपण बोटात गेलं, म्हणजे सुई गेली. साबणपाण्याने धुतलं, डॉक्टरांना सांगितलं, पेशंटची टेस्ट निगेटिव्ह आली. पुढचे तीन महिने मात्र घरी पोरीच्या ताटात जेवले नाही. तसं काही होत नाही हेही माहीत होतं.

तेव्हा सुया टाकायचा डबा दोन हातांवर असता तर? हाच किडा डोक्यात घुसला, म्हणून मी मोजमाप केलं. शेवटच्या खाटेपासून बेसिन ३१ पावलं. बेसिनला कोपराने फिरवायचा नळ होता, त्याची दांडी तुटली, आता तो बोटांनीच फिरवावा लागतो, म्हणजे धुतलेल्या हाताने पुन्हा तोच नळ. एप्रिल-मेमध्ये टँकर आला तर पाणी. हँडरब आहे, भरपूर आहे, पण चोरीला जातो म्हणून कुलपात. किल्ली इन्चार्ज मॅडमकडे, आणि मॅडम मीटिंगला.

तपासणीची टीम आली त्या दिवशी मात्र बाटल्या टेबलावर, सगळ्यांचे हात ओले, आणि मोठ्या सिस्टरांनीसुद्धा दर पेशंटला हातमोजे बदलले. टीम गेली, बाटल्या कुलपात.

तर विचारायचं एवढंच. मोठ्या सिस्टरांना कसं सांगू? आणि उन्हाळ्यात हायपोक्लोराईटचं काय करता? आमच्या स्टोअरवर टिनाचं छप्पर आहे.

जुन्या टोपीवाली

बाई, तुझं वाचून मला माझा वॉर्ड आठवला. मी परिसेविका (वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर) म्हणून निवृत्त झाले, वर्धा जिल्ह्यात. तुझ्या मोठ्या सिस्टर बहुतेक माझ्या मागून पाच-सात वर्षांनी शिकल्या असतील.

आम्ही शिकलो तेव्हा हातमोजे फेकत नव्हतो. ऑपरेशन झालं की हातमोजे घातलेलेच हात आधी नळाखाली धुवायचे, मग ते काढायचे, पाणी भरून भोक पाहायचं, दोरीवर वाळत घालायचे, आतबाहेर पावडर लावायची, जोड्या जुळवायच्या, कापडात बांधून ड्रममध्ये. भोक पडलेला हातमोजा ऑपरेशन थिएटरातून वॉर्डात यायचा, तिथून ड्रेसिंगला. काचेच्या सिरिंज उकळायचो, सुया दगडावर घासायचो. जी मुलगी हातमोजा न धुता टाकायची तिला मेट्रन सगळ्यांसमोर झाडायच्या. तू जे पाहिलंस तो त्या वेळचा शिस्तीचा हात आहे. त्या बाईला घाणेरडी समजू नको. हातमोजा एका पेशंटपुरता झाला ही गोष्ट त्यांच्या नोकरीच्या मध्यावर कधीतरी आली, आणि पत्रकाने आली. शिकवायला कोणी आलं नाही.

म्हणून त्यांना सांगायला जाऊ नको. त्यांच्याकडून शिकवून घे. जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) मुली येतात ना तुमच्याकडे? त्यांना हातमोजे काढायचं प्रात्यक्षिक मोठ्या सिस्टरांनी द्यायचं, असं ठरव. जो शिकवतो तो आदल्या रात्री वाचतो.

आणि सरळ चूक काढणाऱ्याचं काय होतं तेही ऐक. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने बाळंतिणीच्या वॉर्डात क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावत होत्या, जूनमध्ये दोनच्या आसपास आल्या. एवढा खरा माणूस, पण पुढे त्याने न ऐकणाऱ्या डॉक्टरांना खुनी म्हणणारी जाहीर पत्रं लिहिली. लोक आणखीच फिरले. आकडे त्याच्या बाजूने होते, माणसं नव्हती.

एनएसच्या बाटलीतली सुई मात्र आज, आत्ता काढ. त्यासाठी कोणाची मनधरणी लागत नाही.

गोळीवाला

मी औषध निर्माण अधिकारी, गोंदियाकडचा. हायपोक्लोराईटवर लिहितो, कारण यावर फार कमी लोक बोलतात.

सिस्टर, कॅनवर ५ टक्के लिहिलेलं असतं ते भरण्याच्या दिवशीचं. ऊन आणि उजेड, दोन्हीने क्लोरीन उडत जातो. आपल्याकडे मे महिन्यात ४५-४६ अंश, त्यावर टिनाचं छप्पर. त्या खोलीत दोन महिने राहिलेल्या कॅनमध्ये ५ टक्के राहिले असतील असं धरून चालू नका. तुम्ही नियमाप्रमाणे एक भाग औषध, चार भाग पाणी घालता, कागदावर १ टक्का होतो, बादलीत त्याहून कमी असतो. वास येतो म्हणून चांगलं आहे असं समजू नका, वास थोड्या क्लोरीनलाही येतो.

काय करायचं: मोठे कॅन एकदम मागवू नका, लहान घ्या आणि जास्त वेळा घ्या. अपारदर्शक कॅन, झाकण घट्ट, खाली फरशीला, सगळ्यात थंड खोलीत. आलेली तारीख आणि उघडलेली तारीख मार्करने. आधी आलेला आधी संपवा. पातळ केलेलं द्रावण प्रत्येक शिफ्टला ताजं, सकाळची बादली रात्रीपर्यंत नाही. ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर तिचंही तेच, पावसाळ्यात पोतं उघडं राहिलं की ती दगड होते नि कामातून जाते. लेबर रूमच्या अर्ध्या टक्क्यासाठी एक लिटरला चहाचे तीन सपाट चमचे, हा हिशोब ताज्या पावडरीचा आहे.

दुसरं, रक्तावर थेट ओतून लगेच पुसू नका. रक्तच क्लोरीन खाऊन टाकतं. कागद किंवा कापड टाकून झाका, त्यावर १ टक्का ओता, दहा मिनिटं थांबा, मग उचला. स्टीलची हत्यारं तासन् तास बुडवून ठेवू नका, गंजतात. आणि मावशींना निक्षून सांगा की संडास धुवायच्या अ‍ॅसिडमध्ये हे कधीच मिसळायचं नाही. बंद खोलीत क्लोरीनचा वायू सुटतो. मी एका मावशींना खोकत बाहेर पळताना पाहिलं आहे.

तुमच्या पेपरातला तो प्रश्न, किती औषध आणि किती पाणी, तो परीक्षेत नको. बादलीवरच रेघा मारा. इथपर्यंत औषध, इथपर्यंत पाणी.

कंत्राटी ताई

राग मानू नका, पण हसू आलं. पाच वेळा हात धुवायचे म्हणे. मी नाईटला एकटी असते. ३० खाटांवर कधी ४० पेशंट, खाली गाद्या टाकलेल्या, लेबर रूममध्ये एक कळा देते आहे, बाहेर दारू पिऊन पडलेला. प्रत्येक हात लावण्याआधी आणि नंतर ३० सेकंद मोजत बसले तर सकाळी कोणीतरी मेलेलं सापडेल. आणि चूक झाली की कंत्राट माझं जातं, परमनंटवालीचं नाही. पोस्टर लावणारे कधी नाईट करत नाहीत.

धुऱ्यावरची सिस्टर

ताई, राग कशाला. मी पण नाईट करते. म्हणूनच ३१ पावलं मोजली. बाटली खाटेला असेल तर थांबावं लागत नाही, पुढच्या पेशंटकडे चालता चालता हात चोळून होतात. बाटली नसेल तर तुम्ही म्हणता तेच खरं.

जुन्या टोपीवाली

कंत्राटी ताई, तुझं म्हणणं खोटं नाही. पण मग निदान क्रम लाव. व्हेनफ्लॉन टाकण्याआधी, कॅथेटर (लघवीची नळी) घालण्याआधी, बाळाची नाळ कापण्याआधी आणि रक्ताला हात लागल्यावर. जीव गेला तरी या वेळी सुटी नाही. बाकीच्यांसाठी बाटली जवळ आण. आणि एकटीला चाळीस पेशंट देणं हाही इन्फेक्शन कंट्रोलचाच प्रश्न आहे, तो अधीक्षकांच्या फाईलमध्ये लिहून दे. तोंडी नको.

कास्तकार

मी सिस्टर नाही न डाक्टर नाही. माह्या मायचा पाय सडला होता शुगरनं, बावीस दिवस मी तिच्यापाशी दवाखान्यात होतो. तिले पुसणं, उठवणं, संडासचं भांडं देणं, ड्रेसिंग सुटलं त धरून ठेवणं, सारं मीच केलं. बाजूच्या खाटेवरच्या बुढ्याले पाणीबी मीच पाजत होतो, त्याचं कोणी नव्हतं. बावीस दिवसांत मले एकाही मानसानं सांगतलं नाही का बाबू, हात धू. पोस्टर होतं, इंग्रजीत. वरतून आमालेच म्हनत, "नातेवाईक घाण करतात." अर्धी नर्सिंग आमी करतो, मंग आमाले काहून नाही शिकवत? सिस्टर, तुमी आमचाबी पेपर घ्या!

समुपदेशक

कास्तकार भाऊ, खरं बोललात.

सिस्टरांच्या सुईच्या गोष्टीवर थोडं. मी आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) आहे, दर वर्षी दोन-तीन जणी येतात, आणि बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतात. टोचलं की बोट पिळू नका, तोंडात घालू नका, स्पिरीट ओतू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पेशंट एचआयव्ही पॉझिटिव्ह असला किंवा कळत नसलं, तर पीईपीच्या, म्हणजे टोचल्यावर एचआयव्ही टाळायच्या, गोळ्या जितक्या लवकर तितक्या चांगल्या, जमल्यास दोन तासांत. ७२ तासांनंतर सुरू करण्यात अर्थ राहत नाही. पूर्ण २८ दिवस घ्यायच्या. एचआयव्ही पॉझिटिव्ह पेशंटच्या सुईने होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास, म्हणजे घाबरून जेवण सोडायची गरज नाही. खरी भीती हिपॅटायटिस बीची. पेशंटला ती असेल आणि आपण लस घेतलेली नसेल तर शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते. ही लस ०, १ आणि ६ महिन्याला. तुम्ही तीन डोस घेतले असतील, पण नंतर टायटर (लस लागू पडली का ते पाहायची रक्ताची तपासणी) केलं का? १० च्या वर आलं म्हणजे संरक्षण आहे. बहुतेक सिस्टर डोस घेतात आणि टायटर विसरतात.

आणि एक विचारतो. तुमच्याकडे पीईपीच्या गोळ्या कुठे आहेत? रात्री दोन वाजता किल्ली कोणाकडे असते?

धुऱ्यावरची सिस्टर

उशिरा लिहिते, मध्ये नाईट होत्या.

समुपदेशक दादा, तुमचा प्रश्न वाचून उठले आणि जाऊन पाहिलं. गोळ्या आयसीटीसीच्या खोलीत, खोलीला कुलूप, किल्ली घेऊन सर पाच वाजता गावाला. आता एक पूर्ण कोर्स कॅज्युअल्टीच्या इमर्जन्सी ट्रेमध्ये ठेवला आहे आणि मुदतीची तारीख वर लिहिली आहे. टायटरसाठी रक्त जिल्ह्याला पाठवलंय, माझं आणि आणखी पाच जणींचं.

बादल्यांवर रेघा मारल्या. नेलपॉलिशने. मार्कर पुसला जात होता.

आता मोठ्या सिस्टरांचं. टोपीवाल्या मॅडम, तुमचं ऐकून मी त्यांना म्हटलं, "मॅडम, मुलींना हातमोज्यांचं तुम्हीच दाखवा." त्या हो म्हणाल्या. दुपारी मुली जमल्या, त्यांनी हातमोजे घातले, बोलत बोलत काढले, आणि मी पहिल्यांदा त्यांचे हात उजेडात पाहिले. बोटांच्या पेरांवर भेगा, तळवे लालभडक, एका ठिकाणी रक्त सुकलेलं. मुली गेल्यावर मी विचारलं. म्हणाल्या, "दीड वर्ष झालं. स्पिरीट लागलं का आग आग होते. हातमोजा घातला का बरं वाटते. काढला का भेगा दिसतात. कोणाले सांगू? म्हणतील बाईले काहीतरी झालं, वॉर्डातून काढा." घरी तूर सोंगायचं, भांडी घासायचं, ते वेगळंच.

म्हणजे जुनी सवय होतीच, पण ती धरून ठेवली होती दुखण्याने. मी १४ प्रश्न काढले, त्यात हा नव्हता.

मेडिकल ऑफिसर मॅडमना दाखवलं. मलम दिलं, पावडरचे हातमोजे बंद करून बिनपावडरचे दिले, आणि हात घाण नसतील तेव्हा साबणाऐवजी ग्लिसरीन असलेला हँडरबच वापरायचा असं सांगितलं, कारण सारखा साबण कातडी जास्त सुकवतो. आधी चरचरेल, भेगा भरल्या की नाही चरचरणार. त्या भरेपर्यंत इंजेक्शनचा राउंड मी घेते, त्या औषधाचं रजिस्टर बघतात. काल म्हणाल्या, "तू त्या दिवशी कपाटापाशी बसून मलेच पाहत होती न?" मी हो म्हटलं. "मंग तवाच काहून नाही बोलली?" मला काही बोलता आलं नाही.

कास्तकार भाऊ, तुमच्यासाठी दर सकाळी नऊला, राउंडच्या आधी, एका खाटेवरच्या नातेवाइकाला उभं करून हात धुवून दाखवतो. मराठीतून, आणि आमच्या एक मावशी गोरमाटीतून (बंजारा बोलीतून). पोस्टरवर फक्त चित्रं ठेवलीत.

बाटल्या कुलपातून निघाल्या. सलाईनच्या दोरीने खाटेच्या पायथ्याला बांधल्या, आठ खाटांना. पहिल्याच बाजारच्या दिवशी दोन गेल्या. एक चहाच्या टपरीवर सापडली, टपरीवाला म्हणे गिऱ्हाइकाने उधारीत दिली. पाचव्या खाटेची अजून बेपत्ता आहे. बाटलीला कुलूप लागेल असं लोखंडी कडं कोणी वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलं असेल तर फोटो टाका, आणि किती पैसे घेतले तेही.